स्टेंट बसल्यावर एवढं ध्यानात ठेव

भावा, हृदयाच्या नळीत स्टेंट म्हणजे ती बारीक जाळी बसून आठवडाच झालाय म्हणतोस, भीती वाटणारच, मला पण सहा महिने धड झोप नव्हती. रक्त पातळ करायच्या गोळ्या डॉक्टरना विचारल्याशिवाय एक दिवस पण बंद करू नकोस, दात काढायचा असला तरी आधी त्यांना विचार, नाहीतर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

मला अटॅक आला तेव्हा कळ बिळ काही नव्हती बघ, छातीवर कुणी बसल्यागत नुसतं जड, जबडा आणि डावा हात ओढल्यागत आणि गार घाम. मी गॅस समजून सोडा पीत दोन तास घालवले, ते अजून सलतंय. शुगरवाल्यांना, बायकांना तर कधी कधी छाती दुखतच नाही, नुसता दम लागतो, मळमळतं. असं झालं की बसून घे आणि लगेच १०८ ला फोन लाव, खानापूरहून बेळगावला स्वतः गाडी मारत जायचं नाही म्हणजे नाही. जिभेखालची गोळी दिली असेल तर बसूनच घे, प्रेशर उतरतं त्यानं. वहिनींना पण हे सगळं सांगून ठेव, त्या वेळी आपल्याला काही सुचत नाही.

लोणचं, पापड कमी कर. आपला गोड कुंदा सणाला चमचाभर चालेल, पण तंबाखू आजपासून बंद.