लेटंट हीट: अप्रकट की सुप्त?

प्रश्न: माझी मुलगी दहावीत, सेमी इंग्रजीत आहे. तिच्या पुस्तकातल्या ‘लेटंट हीट’ला मराठी पुस्तकात ‘अप्रकट उष्मा’ म्हटले आहे. दवाखान्यातल्या फलकावर मात्र ‘सुप्त क्षयरोग’ असे होते, आणि त्यालाही इंग्रजीत लेटंटच म्हणतात. मग मराठीत दोन शब्द कशासाठी?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: लेटंट हा शब्द ‘लपून असणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे; ‘लेट’ किंवा ‘लेटेस्ट’शी त्याचे काही नाते नाही. बर्फ वितळत असताना उष्णता देत राहिले तरी तापमान शून्य अंशावरच थांबते, हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकात दाखवून दिले आणि तापमापीला न दिसणाऱ्या त्या उष्णतेला हे नाव दिले.

ही उष्णता झोपलेली मात्र नसते. मे महिन्यात आपण कूलरच्या ताट्यांमध्ये नवा वाळा भरतो, पंप सुरू होताच ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरतो, आणि बाहेरची कोरडी, तापलेली हवा त्या ताट्यांतून आत येताना पाण्याची वाफ करण्यात स्वतःची उष्णता खर्च करून थंड होते. एक लिटर पाणी असे उडून जाताना हवेतून जेवढी उष्णता घेते, तेवढीत साधारण ८ लिटर नळाचे पाणी उकळीला येईल. ती नष्ट होत नाही, वाफेबरोबर खोलीतच फिरते. पण अंगाला जाणवत नाही. (जाणवते तिला इंग्रजीत ‘सेन्सिबल हीट’ म्हणतात; तिचे ‘समंजस उष्णता’ असे भाषांतर कोणी करू नये!) जुलैत हवा आधीच दमट असल्याने पाणी फारसे उडत नाही, म्हणून तोच कूलर नुसती चिकचिक करतो.

उष्णता अशी कामाला जुंपलेली असल्यामुळे तिला ‘अप्रकट’ हाच शब्द मला नेमका वाटतो, जरी ‘सुप्त उष्णता’ असेही लिहिले जाते आणि ते चूक नव्हे. क्षयाचे जंतू मात्र लक्षणे न दाखवता शरीरात राहतात आणि पुढे जागे होऊ शकतात. तिथे ‘सुप्त’च हवे.

मुलीला एवढे सांगावे, की नुसते ‘अप्रकट उष्मा’ लिहून उत्तर पूर्ण होत नाही. वितलनाचा की बाष्पनाचा, हे लिहावेच लागते, कारण पाण्यासाठी पहिला ग्रॅमला ८० कॅलरी आहे आणि दुसरा ५४०.