छापताना फोटो आडवे पडतात: वळवायचं सीएसएसमध्ये की फाइलीत?

ताई, खानापूरच्या शाळेची स्मरणिका तुम्ही एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या भाषेत, लावताय. ब्राउझरमध्ये फोटो सरळ दिसतात, पण सर्व्हरवरच्या कन्व्हर्टरने पीडीएफ काढली की शिक्षकांचे उभे फोटो आडवे पडतात. म्हणून तुम्ही सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या नियमांत, प्रिंटसाठी ‘ट्रान्सफॉर्म’ (चित्र फिरवणारा नियम) घालून ९० अंश वळवलं, तर अल्बममधून स्कॅन केलेले जुने फोटो बिघडले. तो नियम आजच काढा.

मोबाइल उभा धरला तरी चित्र बहुधा आडवंच साठवलं जातं आणि फाइलीतल्या एक्झिफ माहितीत (कॅमेऱ्याने फोटोसोबत लिहिलेल्या नोंदींत) ‘ओरिएंटेशन’ टॅगला १ ते ८ पैकी एक आकडा मिळतो. १ म्हणजे आहे तसं दाखवा, ३ म्हणजे १८० अंश वळवा, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश वळवा, ८ म्हणजे तेवढंच उलट दिशेने. उरलेले चार आरशातल्या प्रतिमेसाठी असतात, क्वचितच भेटतात. स्कॅन केलेल्या फोटोला हा टॅग बहुधा नसतो. निपाणी-चिकोडीकडच्या माजी विद्यार्थ्यांनी व्हॉट्सॅपवर साधा फोटो पाठवला असेल तर तो सरळ होऊनच येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला असेल तर मूळ टॅगसकट येतो. एकाच फोल्डरात असे वेगवेगळे फोटो असताना सगळ्यांना एक नियम कसा लागू पडेल?

मग पडद्यावर सरळ का? २०२० मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघांनीही सीएसएसमधल्या ‘इमेज-ओरिएंटेशन’चं मूळ मूल्य ‘फ्रॉम-इमेज’ धरायला, म्हणजे टॅगप्रमाणे फोटो आपोआप वळवायला सुरुवात केली. त्याआधी कॉम्प्युटरवर पानावरच्या फोटोचा टॅग ते आपणहून बघत नसत. पीडीएफचं मात्र वेगळं आहे. जेपीजी फाइल पीडीएफमध्ये जशीच्या तशी भरता येते आणि पीडीएफ दाखवणारा प्रोग्रॅम तिचा एक्झिफ टॅग वाचत नाही. टॅग बघून चित्र वळवणं हे पीडीएफ बनवणाऱ्याचं काम. आजचे ब्राउझर प्रिंट करताना ते करतात; क्यूटी-वेबकिट या जुन्या ब्राउझर-इंजिनवर चालणारे कन्व्हर्टर करत नाहीत. तुमचा त्यातलाच दिसतोय.

‘ट्रान्सफॉर्म’चा आणखी एक त्रास आहे. तो मांडणी झाल्यावर चित्र फिरवतो, जागा मात्र आधीच्याच आकाराची राहते. त्यामुळे फोटो खालच्या मराठी-कन्नड ओळींवर चढतो. आणि उद्या कन्व्हर्टर बदलला, नव्याने टॅग वाचला, की तोच फोटो दोनदा वळणार.

माझं स्पष्ट मत आहे: वळवायचं ते फाइलीतच, एकदाच, मांडणीच्या आधी. मूळ फोटोंची प्रत वेगळी ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर इमेजमॅजिक या चित्रांच्या प्रोग्रॅमचा ‘मॉग्रिफाय’ हा आदेश ‘ऑटो-ओरिएंट’ पर्यायासह चालवा. तो टॅगप्रमाणे पिक्सेल वळवतो आणि टॅग १ करून ठेवतो. फाइल हलकी करायला ‘स्ट्रिप’ (एक्झिफसारखी जादा माहिती पुसणारा पर्याय) वापरणार असाल तर तो नंतरच. आधी टॅग पुसला गेला तर कुठला फोटो कसा धरायचा हे शोधायला एकेक फाइल उघडत बसावं लागेल. मॉग्रिफाय जेपीजी नव्याने साठवतो, त्यात दर्जा किंचित उतरतो. ते नको असेल तर ‘एक्झिफट्रॅन’ हा प्रोग्रॅम आहे, तो जेपीजी पुन्हा कॉम्प्रेस न करता वळवतो. फक्त लांबी-रुंदी ८ किंवा १६ च्या पटीत नसेल तर कडेची पट्टी बघून घ्या.

एवढं झालं की सीएसएसमध्ये फोटोसाठी फार काही उरत नाही. कमाल रुंदी १०० टक्के, कमाल उंची मिलिमीटरमध्ये आणि फोटो-ओळी एकत्र राहण्यासाठी ‘पेज-ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड’. पान आडवं करण्याचा ‘अ‍ॅट-पेज’चा नियम कागदापुरता आहे, त्याने फोटो वळत नाही. लांबी-रुंदीचे आकडे पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेने काढून एचटीएमएलच्या फोटो-टॅगात भरत असाल तर ते फोटो वळवल्यानंतर पुन्हा काढा. पीएचपीचं ‘गेटइमेजसाइझ’ हे फंक्शन एक्झिफ बघत नाही, त्यामुळे आधीचे आकडे उलटे असतील आणि चेहरे चेपलेले दिसतील.

बेळगावात प्रेसला सगळा गठ्ठा देण्याआधी उभा, आडवा आणि स्कॅन केलेला असे तिन्ही फोटो असलेलं एक पान छापून बघा. त्यातही एखादा अडला तर त्याचा टॅग किती आहे आणि कन्व्हर्टर कुठला, एवढं कळवा. बघू की.