इसबगोल वाढवू नका, आधी मळाचा खडा मऊ करा

माउंजारो (साखर आणि वजन कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन) 2.5 वरून 5 मिग्रॅवर गेल्यापासून पाच दिवस पोट साफ नाही, इसबगोल दोन चमचे केलं तरी नुसतं फुगतंय, असं तुम्ही लिहिलंय. पोटात जोराची कळ, उलट्या किंवा वायूही न सरणं, यातलं काही असेल तर घरी काहीच करू नका, थेट दवाखाना गाठा. आतड्याची हालचाल बंद पडल्याची ती खूण असू शकते. तसं नसेल तर पुढचं वाचा.

इसबगोल आज थांबवा. ते पाणी शोषून फुगतं, आणि तुमच्या आतड्यात पाणीच कमी आहे. या इंजेक्शनने पोट उशिरा रिकामं होतं, जेवण निम्म्यावर येतं, आणि भुकेबरोबर तहानही मरते. वरण, आमटी, ताक यांतून नकळत जाणारं पाणीही जेवणासोबत घटतं. मळ रेंगाळतो आणि मोठं आतडं त्यातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतं. त्यावर भुसा टाकला की आणखी गच्च.

आधी खडा मऊ करायचा. पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर (औषधाच्या दुकानात ‘पेग पावडर’ म्हणतात) 17 ग्रॅम, ग्लासभर पाण्यात, रोज एकदा. ती मळात पाणी धरून ठेवते. परिणामाला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून पहिल्याच संध्याकाळी ‘काही झालं नाही’ म्हणून दुसरी मात्रा घेऊ नका. लॅक्ट्युलोज हे मळ मऊ करणारं सिरपही चालतं, पण त्याने वायू धरतो, आणि तुम्ही आधीच फुगलेले आहात. खडा अगदी तोंडाशी अडकला असेल तर ग्लिसरिनची सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची वडी). बहुधा तासाभरात काम होतं. मध्येच पाणचट गळायला लागलं तर जुलाब समजून बंद करायची गोळी घेऊ नका, अडकलेल्या खड्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो तो तसाच दिसतो.

बाजारातली बरीच ‘पोटसाफ’ चूर्णं सोनामुखीची असतात. ती आतड्याला चाबूक मारतात: सहा ते बारा तासांत मुरडा येऊन पोट साफ. अडीनडीला एखाद्या रात्री ठीक, रोजचा रतीब नको. बिसाकोडिलची गोळीही त्याच जातीची. ती दुधाबरोबर किंवा अॅसिडिटीच्या औषधाबरोबर घेतली की वरचं आवरण पोटातच विरघळतं आणि कळा येतात.

आता औषधांचा डबा तपासा. मळमळीवर ऑन्डानसेट्रॉन दिलंय का? तेही बद्धकोष्ठ करतं, आणि या इंजेक्शनबरोबर सर्रास लिहून दिलं जातं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही तशाच. परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा.

मळ मऊ झाला की मग इसबगोल: एक चहाचा चमचा, 250 मिली पाण्यात, ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी एक ग्लास. इतर गोळ्यांपासून दोन तास लांब. पाणी घोट घोट दिवसभर, एकदम लिटरभर प्यायलात तर मळमळ वाढेल. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. मॅग्नेशियमची रेचकं तर मूत्रपिंड कमजोर असेल तर न विचारता नकोच.

जेवणात घोळ बहुधा एकाच ठिकाणी होतो: भाकरी-भाजी सुटते आणि प्रोटीन शेक, अंडी, पनीर एवढंच उरतं. त्यात तंतू जवळपास शून्य. थोडंच जाणार असेल तर मुगाची उसळ, पेरू, भिजवलेले अंजीर यांना आधी जागा द्या.

रोज पोट साफ झालंच पाहिजे हा हट्ट मात्र सोडा. खाणं निम्मं तर मळही कमीच. दोन दिवसांआड, पण मऊ आणि न कुंथता होत असेल तर ते बद्धकोष्ठ नव्हे. लेंड्या पडत असतील तर रोज होऊनही बद्धकोष्ठच.

पुढच्या डोसचं म्हणाल, तर इंजेक्शन चुकवून लगेच सुटका होत नाही. टिर्झेपटाइडचं (माउंजारोमधलं औषध) निम्मं प्रमाण उतरायलाच सुमारे पाच दिवस लागतात. 7.5 वर जायची तारीख आली आणि अजून कुंथावं लागत असेल, तर आणखी चार आठवडे 5 वरच राहता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.