मांगरातले ५६ हर्ट्झ

तुमचा प्रश्न मला गणपतीत मिळाला आणि विसर्जन होऊन गेले तरी त्याचे उत्तर लिहून संपत नाही. तुम्ही कुडाळचे, वय चोवीस. दशावताराच्या नाटकांना आणि लग्नांना साउंड देता, घरामागच्या मांगरात, म्हणजे गवत-अवजारांच्या खोपटात, रेकॉर्डिंगची खोली केली आहे, आणि मित्रांबरोबर डूम व ड्रोन या जातीचे, म्हणजे अतिशय संथ, खर्जातले आणि अंगावर येणारे संगीत करता. हे संगीत जिथे जन्मले त्या इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जाऊन ध्वनिमुद्रणाचे काम करावे का, तिथे एकटे वाटते का, आणि जाताना काय न्यावे, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाचे प्रकार, फी, बँकेत दाखवायची रक्कम हे सरकारी संकेतस्थळांवर माझ्यापेक्षा अचूक मिळेल, म्हणून ते मी सोडते. मी मालवण तालुक्यातली. २०११ पासून त्याच शहरात राहते आणि सध्या पासपोर्टवाली चाकरमानी म्हणून माहेरच्या पडवीत बसून हे लिहिते आहे.

मला हे संगीत मिळाले ते मुंबईहून गणपतीला आलेल्या आतेभावाच्या पिशवीतून. ब्लॅक सबाथ या बर्मिंगहॅमच्या चौघांची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली आणि तिची सुरुवात पावसाने, गडगडाटाने आणि दूरवरच्या घंटेने होते. आमच्या कौलांवर त्या रात्री खराच पाऊस कोसळत होता, त्यामुळे कॅसेट सुरू झाली आहे हेच आम्हाला कळेना. आवाज वाढवत नेला आणि मग तीन सुरांचा तो रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची सुरावट, घरावर येऊन पडला. (त्यातले अंतर षड्ज ते तीव्र मध्यमाचे आहे. युरोपात त्याला सैतानाचे म्हणत; आपण त्याला संध्याकाळच्या रागांत बसवले.) तेवढ्यात वीज गेली. मोटर मंदावत थांबते तेव्हा कॅसेटवरचे सूर क्षणभर खाली घसरत जातात, हे तुमच्या पिढीने कदाचित ऐकलेले नसेल. सूर घसरला, थांबला, आणि पाऊस तसाच चालू राहिला.

पुढे त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्याविषयी वाचले. १९६५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातील नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबणारी बोटे नेमकी तीच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि १९७१ च्या तिसऱ्या तबकडीतील काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धसुरांनी खाली उतरवली. तारा सैल झाल्या की दुखऱ्या बोटांना दाबायला सोप्या जातात. या संगीताचा जडपणा असा कामगाराच्या हातातून आला. माझ्या कानांपुरते मात्र सूर उतरवण्याचे काम आमच्या वाडीतल्या विजेने त्याच्याआधी केलेले होते.

आता तुमच्या मांगराकडे येते, कारण त्याचे माप वाचून मला हसू आणि थोडा संतापही आला. बारा बाय दहा फूट. आमचाही तेवढाच होता: चिऱ्याच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर कौले. माझा मामेभाऊ ड्रम वाजवत असे आणि मी गिटार, जिची सर्वांत जाड तार ‘ए’पर्यंत, म्हणजे ५५ हर्ट्झपर्यंत (सेकंदाला ५५ कंपनांपर्यंत) उतरवलेली होती. समोरासमोरच्या दोन भिंतींत ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी मावते ती लहर त्या खोलीत घुमत राहते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आणि भिंतींतले अंतर दहा फूट, म्हणजे तीन मीटरहून किंचित जास्त. हिशेब केला की उत्तर ५६ हर्ट्झच्या आसपास येते. आमची तार आणि आमचा मांगर जवळजवळ एकाच सुरात लागलेले होते. हा घुमारा भिंतीजवळ सर्वांत मोठा असतो आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर जवळपास नाहीसा होतो. मी भिंतीला टेकून मिक्स करीत असे आणि खर्ज फार झाला म्हणून तो कापत असे. भाऊ मधोमध उभा राहून विचारत असे, ‘बेस खंय गेलो?’ तीन वर्षे आम्ही यावर भांडलो आणि दोघेही खरे बोलत होतो. बर्मिंगहॅमला पहिल्याच महिन्यात, नीट बांधलेल्या एका खोलीत, मी ती तीन वर्षे मोठ्या स्पीकरवर लावली. खर्ज असा त्यात उरलाच नव्हता. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडावी तसा तो आवाज होता. खोलीतल्या दोघांनी सभ्यपणे मान हलवली. ती मान हलवणे मी अजून विसरलेले नाही.

हे कळण्यासाठी परदेशी जावे लागत नाही, म्हणून आत्ताच सांगते. कोपऱ्यांत काथ्याच्या गाद्या रचल्याने झांजेचा कर्कशपणा कमी होईल, पण ५६ हर्ट्झ हटणार नाही, कारण त्या लहरीचा चतुर्थांशच दीड मीटर भरतो. तुम्ही चांगले ओळखता अशी एखादी तबकडी लावून खुर्ची फूटभर इकडेतिकडे सरकवत ऐका, एका साध्या मोजमापाच्या माइकने खोली मोजा, आणि खर्जाविषयीचा निर्णय हेडफोनवर पडताळल्याशिवाय घेऊ नका. मिक्समध्ये जडपणा हवा असेल तर खर्ज वाढवण्याआधी त्याचे उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, घडवा. मिरजेच्या तंबोऱ्याला जवारी लावताना घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, तार घोडीला निसटती घासते आणि एका स्वरातून उपस्वरांचा गुच्छ उमलतो. गिटारचा आवाज खरखरीत करणारे फझ पेडल विजेच्या लहरीचा माथा कापून उपस्वरच वाढवते. मूळ खर्ज काढून टाकला तरी उपस्वरांवरून कान तो स्वतः रचतो, म्हणूनच मोबाइलच्या टिचभर स्पीकरवरही तुमचा रिफ ओळखू येतो. कुडाळातल्या माणसाला हे शिकवायला बर्मिंगहॅम कशाला हवे, असे मला आता वाटते. तेव्हा मात्र, जे जड ते तिकडचे आणि जे सुरेल ते आपले, अशी माझी पक्की समजूत होती.

पोटापाण्याचे लवकर सांगून टाकते. चौदा वर्षांत माझ्या हातून या जातीच्या अकरा तबकड्या झाल्या. बाकीचा काळ मी परिषदांमध्ये वक्त्यांच्या कोटाला माइक लावण्यात घालवला. ५ जुलै २०२५ रोजी व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सबाथचा अखेरचा कार्यक्रम झाला तेव्हा मी त्याच शहरात एका लग्नाचा साउंड सांभाळत होते. १७ दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला. ब्रॉड स्ट्रीटवर त्या चौघांच्या नावाचे बाकडे आहे, तिथे लोक फुले ठेवत होते. मीही ठेवली, आणि आपण कोणाच्या वतीने उभे आहोत हे मला नीट कळले नाही.

कागदपत्रांबाबत दोनच गोष्टी, कारण त्या कुठल्याच संकेतस्थळावर नाहीत. पहिली ही की आपल्या धंद्यात पुरावा नसतो. मी मुंबईत सहा वर्षे स्टुडिओंत काम केले, पैसे पाकिटातून घेतले, आणि श्रेयनामावलीत माझे नाव दोन ठिकाणी छापले गेले, त्यातले एक चुकीचे. ‘तुम्ही ध्वनिमुद्रक आहात हे सिद्ध करा’ अशा अर्थाचे पत्र आले तेव्हा माझ्याकडे दाखवायला पगाराची एकही पावती नव्हती. हातात होती ती तांब्याच्या तारांनी आणि सोल्डरिंगच्या लोखंडाने पोळलेली बोटे, आणि त्यांची साक्षांकित प्रत निघत नाही. तेव्हा आजपासून प्रत्येक लग्नाचे बिल करा, अगदी मामाच्या मुलीचे लग्न असले तरी. दुसरी गोष्ट जन्मनोंदीची. माझ्या नोंदीत नावाच्या जागी फक्त ‘मुलगी’ असे लिहिलेले होते आणि पावसाने ते पान अर्धे फुगलेले होते. नाव चढवून घेण्यासाठी आईने चार महिने खेपा घातल्या. त्यानंतरही एका अर्जात रस्त्याचे नाव सक्तीचे होते आणि आमच्या वाडीला रस्ता आहे, त्याला नाव नाही. मी ‘समुद्राकडची वाट’ असे भरले. ते चालले.

नवे संगीत कसे सापडते असेही तुम्ही ओझरते विचारले आहे. बँडच्या मागे जाऊ नका, ध्वनिमुद्रकाच्या नावामागे जा. अमेरिकन ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी २०२४ च्या मे महिन्यात गेला. तो स्वतःला निर्माता म्हणवून घेत नसे, ‘याने मुद्रित केले’ एवढेच लिहून घेई आणि विक्रीत वाटा मागत नसे. ओकलंडच्या न्यूरोसिस या बँडचे काम त्याने १९९९ पासून केले, Sunn O))) (उच्चार ‘सन’) या ड्रोन जोडीचेही केले, आणि दोन्हींत खोली ऐकू येते: ड्रमवरचा घाव, मग भिंत, मग शांतता. एका नावावरून मी तीस बँडांपर्यंत पोहोचले. त्यातला बेंगळुरूचा बेवर सी हा बँड मला बर्मिंगहॅमच्या एका दुकानदाराने ऐकवले, याची लाज वाटली ती वेगळीच.

माझ्या मुलीविषयी तुम्ही विचारले नव्हते, आणि तुम्हाला मूल नाही. तरी लिहिते, कारण हाही ऐकण्याचाच विषय आहे. ती चार वर्षांची असताना शाळेत तीन महिने एक शब्द बोलली नाही. शाळेने दोन गोष्टी कळवल्या: तिची श्रवणचाचणी करून घ्यावी, आणि घरी इंग्रजीच बोलावे. चाचणीत तिचे कान निर्मळ निघाले. सहज म्हणून त्याच आठवड्यात मी माझी चाचणी केली, तर ४००० हर्ट्झजवळ खड्डा होता, मोठ्या आवाजात वर्षे काढलेल्या माणसाला पडतो तसा. (८५ डेसिबल आठ तास सोसतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. दशावताराच्या स्पीकरशेजारी रात्रभर उभे राहता ना? कानांत बोळे घाला.) शाळेचा दुसरा सल्ला मात्र आम्ही निमूटपणे पाळला. खोलीच्या आवाजावरून माणसाविषयी निष्कर्ष काढू नये हे ज्या बाईला धंद्याने शिकवले होते, तिने एका चिठ्ठीवरून घरातली मालवणी बंद केली. यंदा आरतीला मुलगी झांज अचूक वाजवते, एक घाव इकडचा तिकडे होत नाही, आणि तोंड मिटलेले असते. आई म्हणते, ‘सगळा आयकता, पण बोलना नाय.’ त्या शाळेवरचा माझा राग गेलेला नाही, आणि तो सगळाच शाळेवरचा आहे असेही मला म्हणता येत नाही.

एकटेपणा असतो. डिसेंबरात साडेतीनला अंधारू लागते, माणसे चांगली असतात, सवय होते. पुढे जाऊ.

पुढे जायचे म्हटले तरी तिथेच यावे लागते, कारण संथ संगीताला माणसे लागतात. मिनिटाला पन्नास मात्रांची लय धरली तर दोन घावांत १.२ सेकंद जातात, आणि त्या मोकळ्या जागेत वाजवणारे एकमेकांकडे बघतात, कोणाचा तरी खांदा उचलला जातो, सगळे मिळून खाली येतात. विलंबित ख्यालात तबलजी ती जागा बोलांनी भरतो. डूममध्ये ती रिकामी ठेवून वाट पाहावी लागते. भावाचे वडील दशावतारात मृदंग वाजवत. पहाटे तीनला राक्षस रंगमंचावर यायच्या आधी ते जेवढे थांबत तेवढे थांबण्याची छाती मी नंतर कोणत्याही ड्रमवाल्यात पाहिली नाही. भाऊ आणि मी अजूनही एकत्र काम करतो, म्हणजे तो मांगरात क्लिक, म्हणजे लय मोजणारी यंत्राची टिकटिक, ऐकत ड्रम वाजवून फाइल पाठवतो आणि मी तिच्यावर गिटार चढवते. क्लिकवर सगळेच मेलेले वाजते असे नाही; आमच्याच शहरातल्या गॉडफ्लेश या बँडने ड्रम मशीन घेऊन भयंकर जड संगीत केले, पण त्यांना यंत्राचाच आवाज हवा होता. आम्हाला तो नको होता, आणि आमच्याजवळ तेवढाच उरला.

म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर असे: पगारासाठी या, चांगल्या खोल्यांत कान तयार करण्यासाठी या, घरातून सुटण्यासाठी येत असाल तर तेही मी समजू शकते, कारण मी त्यासाठीच आले होते आणि इतकी वर्षे संगीताचे नाव सांगत राहिले. या संगीतासाठी मात्र येऊ नका, निदान तुमचा ड्रमवाला कुडाळात राहणार असेल तर.

न्यायच्या वस्तूंत ॲम्प्लिफायर नको, तो तिथे जुना आणि स्वस्त मिळतो. त्याऐवजी निघण्यापूर्वी चार रात्री तुमच्या चौघांना मांगरात, क्लिकशिवाय, एकदम वाजवायला लावून मुद्रित करा, आणि घावांमधली शांतता कापू नका. आमचे तसे एकही मुद्रण नाही. काल रात्री भाऊ आला, आम्ही मांगरातल्या गवताच्या पेंढ्या बाजूला सारल्या आणि चौदा वर्षांनी एका खोलीत वाजवायला बसलो. माझा हात दर वेळी त्याच्याआधी पडत होता. तिसऱ्यांदा तसे झाले तेव्हा त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाला, ‘थांब गो, घाई कित्याक करतंस?’ मी थांबले, मोजले, आणि पुन्हा आधीच पडले.

परवा दुपारी माझी गाडी आहे. तुमच्या ड्रमवाल्याचे काही मुद्रित असेल तर त्याआधी पाठवा. मिक्स केलेले नको, खोलीच्या मध्यावर एकच माइक ठेवून घेतलेले हवे.