किडा ओळखल्याशिवाय पंप उचलू नकोस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

पोळ्याच्या आदल्या रात्रीच्या वादळाने अंगणातली सूर्यफुले आडवी झाली, जी उभी राहिली त्यांच्यावर किड्यांची झुंबड उडाली, आणि आता झाडे उपटावीत की औषध फवारावे हे तुला सुचत नाही, असे तू लिहिलेस. यातले काहीही आज करू नकोस. किडा ओळखल्याशिवाय पंप उचलू नकोस.

पडलेल्या झाडांचे थोडक्यात सांगते. कोवळ्या झाडाचा शेंडा काही दिवसांत आपणच वर वळतो. जून खोड वळत नाही. त्याला बळेच उभे केलेस तर मातीला धरून राहिलेल्या मुळ्याही तुटतील. बुडाला मातीची भर दे आणि साचलेले पाणी काढून दे, कारण आपल्या काळ्या जमिनीत ते लवकर जिरत नाही.

आता किड्यांकडे ये. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेच्या पिवळ्या पाकळ्यांत दाणा धरत नाही. मधली फुले कडेकडून आत, आठवडाभर उमलत जातात. प्रत्येक फूल आधी पराग देते आणि मग त्याचा स्त्रीकेसर तयार होतो, म्हणून परागाची ने-आण करायला सातेरी आणि आग्या मधमाश्या लागतात. तू ज्यांना घाबरलीस त्यांतल्या बहुतेक याच असतील. पानामागे ठिपक्यांचा ढालकिडा दिसला तर तो पानांचा रस शोषणारा मावा खातो आहे, त्याला राहू दे. वैरी घाटेअळी आहे; ती दाण्यांत तोंड खुपसून बसते आणि तिची विष्ठा फुलावर दिसते. अंगणातल्या पंधरावीस झाडांवरच्या अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात, मग विष कशाला हवे?

हा प्रश्न एकदा मी स्वतःला विचारला नाही. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी अशाच वादळानंतर, ऐन बहरात, सकाळी नऊ वाजता मी फवारणी केली. दुपारी झाडांखाली माश्या पडल्या होत्या, आणि काढणीला अर्धी फुले पोचट निघाली. तेव्हापासून मी हट्टाने आधी पाहते. शेजारच्या वावरातून पंपांचा आवाज येत असताना मी फुलासमोर बसून राहते म्हणून मला आळशी म्हटले गेले, घरातही बोलणी बसली, पण मी आळशी नव्हते. पाहणे हेही काम आहे, आणि ते फवारण्यापेक्षा अवघड आहे. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा मला कोणी काही बोलले नाही.

तुला घाई असते हे मला माहीत आहे, आणि तिचा मला रागही येतो. किडा ओळखल्याशिवाय पंप उचलू नकोस, हे मी तुला आता तिसऱ्यांदा सांगते आहे. उद्या ऊन पडल्यावर एका फुलासमोर अर्धा तास बस, कोण येते, कुठे बसते, काय खाते ते वहीत लिही आणि ते पान मला पाठव.