गाळाच्या तळासाठी नांगर कोणता आणि साखळी किती?

बडोद्याहून खंभातच्या आखातात लहान शिडाची होडी नेताना नांगर कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. गाळात रुंद पात्यांचा डॅनफोर्थ जातीचा नांगर चांगला रुततो. मात्र प्रवाह उलटला की तो निसटू शकतो, हे ध्यानात ठेवावे. साखळी तळाशी पडून राहिल्यामुळे नांगरावरील ओढ आडवी राहते आणि पाते खोल जाते. खोली भरतीचीच धरावी, कारण बडोद्याजवळच्या आजवा तलावाच्या स्थिर पाण्याचा हिशेब येथे चालत नाही: भावनगरजवळ पाणी 10 मीटरपर्यंत चढते, म्हणजे ओहोटीला 4 मीटर असलेली जागा 14 मीटर होते, त्यात नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची 1 मीटर उंची मिळवून पाचपट, म्हणजे 75 मीटर साखळी सोडावी लागते. 8 मिलिमीटरची एवढी साखळी शंभर किलोंहून अधिक भरेल. त्यामुळे मी 10 मीटर साखळीला नायलॉनचा दोर जोडून एकूण लांबी त्याच 15 मीटरच्या सातपट ठेवीन.