तुमचे प्रश्न : बेटावरचा मध थिजला, टाकायचा का?

प्रश्न : मुलगा ऑस्ट्रेलियाच्या तस्मानिया बेटावर होबार्टला असतो, येताना लेदरवूड नावाच्या मधाची बाटली आणली. मी फ्रिजमध्ये ठेवली तर आठवड्यात तुपासारखी थिजली, खाली रवाळ. वास इतका उग्र की सासूबाई म्हणतात ह्यात अत्तर घातलंय. सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं की गोठला म्हणजे साखरेचा पाक. खरंय का? आणि नऊ महिन्यांच्या नातवाला चाटवला तर चालेल?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, आधी नातवाचं. वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही, बोटाला लावून चाटवायचाही नाही, कितीही शुद्ध असला तरी. मधात बोटुलिझम ह्या विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, आपल्याला सहसा काही होत नाही पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. घरी उकळून पण ते मरत नाहीत.

आता बाटली. ग्रुपवरचं सोडून द्या, मध थिजणं हा भेसळीचा पुरावा नाही. मधात मुख्यतः दोन साखरा, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, त्यातलं ग्लुकोज जास्त असलं की ते कणाकणाने वेगळं होऊन बसतं आणि फ्रिजमधल्या गारव्यात हे काम आणखी पटापट होतं. लेदरवूड तर मुळात थिजणाराच मध, तिकडे लोक तसाच ब्रेडला फासून खातात. बाटली बाहेर ओट्यावर ठेवा. पातळच हवा असेल तर हात बुडवता येईल इतपत कोमट पाण्यात उभी करून ठेवा, मायक्रोवेव्ह अजिबात नको, वास उडून जाईल आणि ह्या मधात पैसे वासाचेच मोजलेले असतात.

तो वास झाडाचा. लेदरवूड निसर्गात फक्त तस्मानिया बेटावर वाढतं, तेही मुख्यतः पश्चिमेच्या ओल्या दाट जंगलात. चार पाकळ्यांची पांढरी फुलं, बहर जानेवारी ते मार्चच्या आसपास म्हणजे तिकडचा उन्हाळा, तेव्हा मधपाळ पेट्या ट्रकमध्ये घालून जंगलात नेतात. त्याच कुळातलं उल्मो नावाचं झाड थेट चिलीत आहे, त्याचाही मध निघतो, कारण हे दोन्ही प्रदेश कधीकाळी गोंडवन नावाच्या प्राचीन महाखंडात एकत्र होते. मधाच्या दृष्टीने मोठी अडचण अशी की लेदरवूडला भरघोस मकरंद यायला साधारण ७० वर्षं तरी जावी लागतात, आणि निलगिरीसारखं आगीतून सावरायची सवय ह्या झाडाला नाही, त्यामुळे २०१६ आणि २०१९ च्या वणव्यांनी मधपाळांच्या पोटात गोळा आला होता. भाव चढा का, हे ह्यावरून कळेल.

गंमत म्हणजे झाड अस्सल तिथलं पण त्यावर बसणारी माशी युरोपातून एकोणिसाव्या शतकात आणलेली. आपल्याकडे महाबळेश्वरच्या जांभूळ मधात झाडही इथलं आणि सातेरी माशीही इथली, रंग गडद आणि चव किंचित कडवट तुरट. मला विचाराल तर रोजच्या खाण्यासाठी हाच घ्या, तिथलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालंय, आणि मुलाची बाटली पाहुण्यांसाठी ठेवा. दोन्ही गरम चहात घालू नका, फुकट जातं सगळं.

प्रश्न : येऊरच्या रस्त्यावर बादलीत मध विकतात, वर पोळ्याचा तुकडा तरंगत असतो. तो खरा समजायचा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पोळ्याचा तुकडा गुळाच्या पाकावरही तरंगतो. पाण्यात थेंब टाकून बघणं, कागदावर ओतणं, काडेपेटीची काडी बुडवून पेटवणं ह्या घरगुती परीक्षांनी काहीच सिद्ध होत नाही, कारण भेसळवाले तांदळाचं सिरप वापरतात आणि ते ह्या सगळ्यात आरामात पास होतं. खात्री लॅबमध्येच होते. तोवर बादलीतला घेऊ नका, एफएसएसएआय नंबर छापलेली बाटली घ्या.